कष्टाचा हात पंजात किती चालतो? ऊसतोड, धार, हमाली आणि टेबलावरची ताकद

खुटबाव (ता. दौंड) : जिममध्ये दंड फुगवलेला पोरगा आणि वर्षानुवर्षे रानात राबलेला गडी, दोघांनी पंजा लढवला तर कोण जिंकेल? हा वाद पारावर, चहाच्या हॉटेलात, उसाच्या ट्रॉलीच्या सावलीत कायम चालतो. बहुतेक वेळा पहिल्या दिवशी गडीच जिंकतो आणि बघणारे म्हणतात, शेवटी कष्टाचं अंग ते कष्टाचं अंग. पण तोच पोरगा सहा महिने फक्त पंजाचा सराव करून आला, की निकाल फिरू शकतो. तेव्हा म्हणायचं, गडी कामानं दमलेला होता. गंमत म्हणजे या दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. अंगमेहनतीनं हात घडतो, आणि त्याच मेहनतीनं तो थकलेलाही राहतो. कोणतं काम हाताला काय देतं आणि काय काढून घेतं, ते नीट बघितलं तर हा वाद बराचसा सुटतो.

हा विषय आपल्याकडे नुसता करमणुकीचा नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या मधलं खुटबाव, राहू-पारगावचा पट्टा, आणि भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातलं न्हावरा, मांडवगण फराटा या सगळ्या भागाचं पोट हातावर आहे. ऊस, गुऱ्हाळं, दूध, कांदा आणि रांजणगावच्या एमआयडीसीतली कामं. 2023 मध्ये प्रो पंजा लीग टीव्हीवर आली आणि पंजाकडे खेळ म्हणून बघणारी तरुण पोरं वाढली. यात्रेत कुस्त्यांच्या फडाबरोबर पंजाही लागतो. त्यात उतरणाऱ्यांतले बरेच जण सकाळी धार काढून किंवा रात्रपाळी करून आलेले असतात.

आधी पंजात ताकद लागते कुठं, ते बघू. बहुतेकांची नजर दंडाच्या बेटकुळीवर जाते. तिचा वाटा आहे, पण ती पहिल्या नंबरला नाही. पंजा पहिल्यांदा बोटांत आणि मनगटात ठरतो. समोरच्याचं मनगट मागं मोडलं आणि आपलं आत वळलेलं राहिलं, तर त्याच्या दंडात कितीही जोर असला तरी तो हातापर्यंत पोचत नाही. म्हणून जाणकार खेळाडू दोन मुख्य डाव खेळतात. एकात मनगट आत वळवून समोरच्याचा हात आकड्यासारखा आपल्याकडे ओढायचा. याला हुक म्हणतात. दुसऱ्यात वरून त्याच्या बोटांवर चढायचं, पंजा उघडायचा आणि तळवा खाली फिरवत न्यायचा. हा टॉपरोल. दोन्हींत पाठ, खांदा आणि छाती मागून जोर लावतात, पण दार उघडतं ते मनगटानं. अंगठ्याचं महत्त्व तर विचारू नका. 1968 साली ‘पीनट्स’ या अमेरिकन चित्रकथेतला स्नूपी नावाचा कुत्रा जागतिक पंजा स्पर्धेला निघतो आणि अंगठा नाही म्हणून बाद होतो. विनोद असला तरी खेळाचं मर्म त्यात बरोबर पकडलंय. ती स्पर्धा मात्र खरी होती. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात, कोंबड्या आणि अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेतकी गावात, 1950 च्या दशकात एका गुत्त्यात ती सुरू झाली आणि 1962 पासून जागतिक म्हणून भरू लागली. म्हणजे हा खेळ तिकडंही कष्टकऱ्यांच्या टेबलावरूनच वर आला.

आता आपल्याकडची कामं घेऊ.

पंजासाठी सगळ्यात उपयोगी काम कोणतं, असं विचारलं तर बरेच जण हमाली म्हणतील. मला ते पटत नाही. हाताला सगळ्यात जास्त देणारं काम गोठ्यात आहे, हातानं धार काढणं. सड मुठीत धरून तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेक बोट क्रमानं आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं. दोन वेळा, रोज, दोन-चार जनावरांची धार म्हणजे हजारो वेळा मूठ मिटली. त्यात अंगठाही राबतो. अशा माणसाची बोटं उघडणं अवघड जातं, आणि टॉपरोल मारणाऱ्याला नेमकं तेच करायचं असतं. कमतरता एकच. धार काढताना मनगट जवळपास सरळ असतं. पंजात ते आत वळवून रोखावं लागतं, आणि त्या कोनात ताकद आपोआप येत नाही. धारेचं यंत्र आलेल्या गोठ्यांत हा फायदाही गेला. त्याबद्दल कुणी हळहळू नये, यंत्रानं बायकांच्या मनगटांचं दुखणं कमी केलंय.

हमालाचं उलटं. पोतं पाठीवर किंवा डोक्यावर गेलं, की भार मणक्यातून आणि मांड्यांतून जमिनीला जातो. हात फक्त तोल सांभाळतो. पोतं ओढताना हमाल लोखंडी आकडा वापरतो, कारण आकड्यामुळं बोटांवरचा ताण कमी होतो. कामासाठी ते शहाणपणाचंच आहे, पण पंजाच्या दृष्टीनं बोटांना त्यात कमी मिळतं. पाठ मात्र दणकट होते आणि ती टेबलावर उपयोगी पडते. कांद्याची गोणी दोघांनी कान धरून ट्रकात फेकणं हे वेगळं. त्यात बोटं, मनगट, पाठ एकदम लागतात, आणि तो एका क्षणाचा पूर्ण जोर असतो. जुन्या काळी 100 किलोची पोती उचलली जात. आता साखर, सिमेंट यांची गोणी 50 किलोची असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 साली प्रौढ पुरुषानं हातानं उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचवली होती. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आणि पुण्यात बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत यांनी ओझं आणि मजुरी हे प्रश्न रेटले. आजोबा क्विंटलचं पोतं उचलायचे हे सांगताना त्यांची कंबर पन्नाशीत कशी होती, हेही घरात विचारून बघावं.

ऊसतोडीत दोन्ही हातांचं काम सारखं नसतं. उजव्या हातात कोयता. तो सैल धरून झटक्यानं मारायचा असतो, कारण घट्ट धरला तर तासाभरात हात भरून येतो. डाव्या हातानं ऊस मुठीत धरायचा, वाकवायचा, ओढायचा, पाचट सोलताना आवळून ठेवायचा. म्हणजे पकडीची खरी मेहनत डाव्या हाताची. तोडणी करणाऱ्याला डाव्या हाताच्या पंजात उतरवलं तर समोरचा फसण्याची शक्यता जास्त. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढणं हे मानेचं आणि पायांचं काम, हाताचा संबंध थोडा.

दारं धरायला गेलेल्याचं फावडं विसरू नका. ओली माती अंगाकडं ओढताना हाताचा जो कोन असतो, अंगठा वर आणि कोपर दुमडलेलं, तो पंजाच्या कोनाच्या बराच जवळ आहे. विहिरीतून पोहरा ओढणं किंवा बैलाचा कासरा आवळून धरणं यातही तेच. शर्यतीचा बैल धरणाऱ्याचा हात एकदा हातात घेऊन बघा. गुऱ्हाळावर काहिलीतला घट्ट होत आलेला रस हलवणाऱ्याचे खांदे आणि मनगट एकत्र राबतात, पण धग आणि तासन् तास उभं राहणं यांत त्याचा दम आधी जातो.

आणि एक काम ज्याकडं कुणी ताकदीचं म्हणून बघत नाही, ते गॅरेजचं. जाम झालेला नट सोडवताना पाच-दहा सेकंद पूर्ण जोर लागतो, मग विश्रांती, मग पुन्हा. पंजाची कुस्तीही अशीच सेकंदांची असते. त्यात हाताला पीळ बसतो. उजव्या हातानं स्क्रू आवळताना तळवा वर फिरतो, सोडवताना खाली फिरतो. टॉपरोलमध्ये लागतो तो हा दुसरा पीळ. पंजाच्या इतिहासात ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं तो अमेरिकेचा जॉन ब्रझेंक विमानांचा मेकॅनिक होता. 1986 साली लास वेगासच्या स्पर्धेत ट्रकचालकांच्या गटात जिंकून त्यानं बक्षिसात ट्रक मिळवला. सिल्व्हेस्टर स्टॅलोनचा ‘ओव्हर द टॉप’ हा 1987 चा सिनेमा त्याच स्पर्धेच्या निमित्तानं आलेला. पण ब्रझेंक मेकॅनिक होता म्हणून जिंकला असं म्हणणं चूक ठरेल. तो लहानपणापासून टेबलावर होता. जगात मेकॅनिक लाखो आहेत, ब्रझेंक एकच.

कष्टकऱ्याला मिळणारी सगळ्यात मोठी देणगी स्नायूत नसते, स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरकंड्यांत असते. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. स्नायू दोन महिन्यांच्या व्यायामात बऱ्यापैकी वाढतो. टेंडनला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून जिममधला पोरगा चार महिन्यांत दिसायला दणकट होतो, पण टेबलावर कोपराच्या आतल्या बाजूला कळ येऊन बसतो. पंधरा वर्षं ओढणं, उचलणं, आवळणं केलेल्या माणसाच्या हाताला या ताणाची आधीपासून सवय असते. त्याची कातडी जाड, पकड रुंद. पहिल्या दिवशी तो जिंकतो त्याचं हे मुख्य कारण.

मग तो पुढं अडतो का?

पहिली गोष्ट, काम माणसाला कमी जोरात जास्त वेळ टिकायला शिकवतं. बारा तास कोयता चालवायचा तर शरीर जोर वाचवायला शिकतं, आणि शिकायलाच पाहिजे. पंजात सगळा जोर एका क्षणात ओतायचा असतो. रोजच्या कामात ओझं वाढतही नाही. गोणी काल 50 किलोची होती, आज 50, पुढच्या वर्षीही 50. शरीराला त्याची सवय झाली की ते आणखी ताकद कशाला बनवेल? तालमीतला पैलवान जोर-बैठका वाढवत नेतो, गदा जड करतो. शेतमजुराला तसं वाढवत नेणारा वस्ताद नसतो.

दुसरी गोष्ट कोनाची, ती वर आलीच. एका जागी रोखून धरण्याची ताकद ज्या कोनात कमावली त्याच्याच आसपास जास्त वाढते. फावड्याच्या दांड्यावर लोखंडासारखा असलेला हात मनगट आत वळवून धरायला सांगितलं की लटपटतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, विश्रांती. ताकद वाढते ती झोपेत आणि खाण्यात. आपल्याकडं शेतीची लाईट आलटून पालटून रात्री असते. रात्री दोनला मोटार चालू करून, बिबट्याच्या भीतीनं बॅटरी फिरवत दारं धरायचं आणि सकाळी परत गोठा. त्या माणसाला संध्याकाळी पंजाचा सराव कर म्हणणं म्हणजे आधीच घासलेल्या दोरीला आणखी घासणं. डेन्मार्कच्या संशोधकांनी या फरकावर बरंच काम केलंय. कोपनहेगनमधल्या 1,04,046 प्रौढांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, पण नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्यांत ते वाढलेलं दिसलं. अभ्यास हृदयाचा आहे, पंजाचा नाही. तरी मुद्दा लागू पडतो. व्यायाम आपण थांबवू शकतो, काम थांबवता येत नाही.

ब्रेकर मशीन, ड्रिल असली थरथरणारी हत्यारं रोज चालवणाऱ्यांचं तर नुकसानच होतं. वर्षानुवर्षांच्या कंपनांनी बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात, पकड कमी होते. एकाच हालचालीची कामं करणाऱ्या लाइनवरच्या पोरापोरींना मनगटात मुंग्या येणं, बोट अडकणं असले त्रास होतात. असा हात पंजाला घालूच नये. आधी दाखवून घ्यावा.

ज्याला काम सांभाळून पंजा खेळायचाय त्यानं जिमवाल्याची नक्कल करू नये. बोटं आवळण्याचा व्यायाम त्याला रोजच घडतोय, तो आणखी वाढवण्यात अर्थ नाही. कामातून जे मिळत नाही तेवढंच करावं, आठवड्यातून दोनदा, कामाच्या हलक्या दिवशी. वाळूची बादली टॉवेलनं धरून मनगट आत वळवून रोखायची, दहा सेकंद, थोड्या वेळा, आणि वजन दर पंधरवड्याला थोडं वाढवायचं. घणाचा दांडा टोकाला धरून तळवा सावकाश खाली फिरवायचा, तेवढाच उलटा. तालमीत करेला आणि गदा असेल तर सोन्याहून पिवळं. टेबलावर पूर्ण जोराचा पंजा आठवड्यातून एकदाच. ऊसतोड करणाऱ्यानं, ट्रॉली भरणाऱ्यानं गळिताचा हंगाम संपेपर्यंत नवीन सराव सुरूच करू नये. आणि नुसत्या चहा-बिस्किटावर ताकद वाढत नाही. घरचं दूध सगळंच डेअरीला घालू नका, एवढं तरी या भागात सांगावं लागतं.

टेबलही नीट हवं. स्पर्धेचं उभ्यानं खेळायचं टेबल साधारण 40 इंच उंच असतं. कोपराला सुमारे 7 इंचांची चौकोनी गादी, दुसऱ्या हातानं धरायला दोन खुंट्या आणि हात जिथं टेकला की हार धरतात त्या दोन उशा. गावातला सुतार आणि वेल्डर मिळून हे सहज करतील. नियमात कोपर गादीवरून सुटलं की फाऊल, दोन फाऊल झाले की हार. हॉटेलच्या टेबलावर खुर्चीत बसून, अंग वाकडं करून, कोपर घसरत चाललेल्या लढतीत इजा जास्त होतात.

आता इजेबद्दल, कारण हात मोडला तर इथं रोजी मोडते. पंजात कोपर आणि खांदा यांच्यामधलं, म्हणजे दंडाचं हाड मोडू शकतं, आणि ते चांगल्या दणकट माणसाचंही मोडतं. कसं, तर हारत आलेला माणूस हात मागं राहिलेला असताना खांदा आणि छाती टेबलाकडं वळवतो. हात एका बाजूला अडकलेला, अंग दुसऱ्या बाजूला फिरतंय. ओला टॉवेल पिळावा तसा हाडाला पीळ बसतो आणि ते कोपराच्या वरच्या भागात तिरकं फुटतं. आवाज बघणाऱ्यांना ऐकू येतो. त्याच हाडाला वेढून एक मज्जातंतू जातो. तो दुखावला तर मनगट वर उचलत नाही, हात लटकतो. बहुतेकांचा तो महिन्यांनी परत येतो, पण तोवर कोयता, फावडं, पाना सगळं बंद. हाड जुळायला तीनेक महिने धरा. टाळायचं सोपं सूत्र आहे, नजर स्वतःच्या पंजावर ठेवा आणि पंजा कायम छातीसमोर ठेवा. तोंड दुसरीकडं फिरलं की अंग फिरतं. हात मागं गेलाच तर हार मानून सोडून द्या.

कष्टकऱ्याच्या बाबतीत धोका असा, की त्याला दुखणं सोसायची सवय असते. जिममधला पोरगा कळ आली की सोडतो. हा दात-ओठ खाऊन धरून ठेवतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एकाचा हात मोडला की दोघांचं काम बसतं, खाडा धरला जातो आणि उचल अंगावर राहते. फडावर संध्याकाळी शंभर-दोनशेच्या पैजेवर पंजा लावणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. अशा पैजा लावणाऱ्या बागायतदारांनी आणि ट्रॅक्टरवाल्यांनी तर नक्कीच. हात दुसऱ्याचा असतो.

शाळेतल्या पोरांची गोष्ट आणखी वेगळी. 13 ते 16 वर्षांच्या मुलांत कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पुरतं जुळलेलं नसतं. पंजाच्या झटक्यात स्नायू त्या हाडाचा तुकडाच ओढून काढतो. बाकावर मधल्या सुट्टीत चालणारे पंजे मास्तरांनी आणि बाईंनी हसण्यावारी नेऊ नयेत. या वयात डाव शिकवा, मनगट कसं धरायचं ते शिकवा, पूर्ण जोर नको.

कुणाचा हात कटकन वाजला, दंड वाकडा दिसला किंवा मनगट उचलेना, तर तो ओढून सरळ करू नका. हाडवैद्याकडं नेऊन चोळू तर मुळीच नका, मज्जातंतू आधीच ताणलेला असतो. हात आहे त्या स्थितीत पंचाच्या झोळीत छातीशी बांधा, पोटात काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. यवतचं ग्रामीण रुग्णालय किंवा दौंडचं उपजिल्हा रुग्णालय जवळ पडेल तिथं न्या आणि एक्स-रे काढून घ्या. बोटांना स्पर्श कळतोय का, मनगट वर उचलतंय का, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.